एका मणक्याची कागदपत्रे

1828 साली जबलपूरच्या छावणीजवळ कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन याला दगड झालेली काही हाडे मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून स्लीमनचे नाव आपल्याकडे माहीत आहे. ती कीर्ती त्याला पुढे मिळाली. हा मुलूख इंग्रजांकडे येऊनही तेव्हा फार दिवस झाले नव्हते. 1817-18 च्या लढाईपर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. छावणीच्या परिसरात बडा शिमला आणि छोटा शिमला नावाच्या दोन टेकड्या आहेत. स्लीमनची हाडे बडा शिमल्याची. आशिया खंडात डायनासोरची हाडे सापडल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

'मानली जाते' असे म्हणण्याला कारण आहे. स्लीमनने डायनासोर शोधला हे वाक्य अनेक लेखांत सापडते, आणि ते जसेच्या तसे खरे नाही. 1828 मध्ये डायनासोर हा शब्दच नव्हता; तो रिचर्ड ओवेनने 1842 मध्ये छापला. स्लीमनच्या वेळेला इंग्लंडात मेगॅलोसॉरसला नाव मिळून चार वर्षे झाली होती आणि इग्वानोडॉनला तीन. दोन्ही प्राण्यांची जेमतेम थोडी हाडे ठाऊक होती, आणि ते प्रचंड सरडे असावेत एवढीच कल्पना होती. जबलपूरच्या माळावर उभ्या असलेल्या लष्करी अधिकाऱ्याने हातातल्या दगडाला काय म्हणावे? हाड आहे, आणि दगड झाले आहे, एवढे त्याने ओळखले. हाड सापडणे ही 1828 ची घटना आहे आणि ते कोणाचे हे कळणे ही जवळजवळ पन्नास वर्षांनंतरची. या दोन घटनांच्या मध्ये काय घडले ते कागदांवरून जुळवता येते. तेच इथे करायचे आहे.

स्लीमनने हाडे जवळच्याच एका माणसाला दिली. त्याचे नाव डॉ. जॉर्ज स्पिल्सबरी, छावणीतला सर्जन. स्पिल्सबरीला जीवाश्मांची ओढ होती. नर्मदेच्या गाळातले हत्तीसारख्या जनावरांचे अवशेष त्याने पुढे वर्षानुवर्षे गोळा केले. त्याने टेकडीवर स्वतः खणून आणखी एक हाड काढले आणि 1832 मध्ये हा ऐवज कोलकात्याला जेम्स प्रिन्सेपकडे पाठवला. प्रिन्सेप म्हणजे टांकसाळीत धातूंची पारख करणारा, एशियाटिक सोसायटीचा चिटणीस, आणि पुढे 1837 मध्ये अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारा विद्वान. हिंदुस्थानात कुठेही काही चमत्कारिक सापडले की ते त्याच्या टेबलावर यायचे आणि सोसायटीच्या नियतकालिकात त्याची टिपणी छापली जायची. या छापण्याच्या सवयीमुळेच आज आपल्याकडे काही पुरावा आहे. सापडलेल्या वस्तूला गाव, टेकडी आणि देणाऱ्याचे नाव चिकटून राहिले. हाड कोलकात्याला गेले तरी त्याचा पत्ता जबलपूरचाच राहिला.

त्यानंतर बराच काळ हाडे पडून राहिली. 1862 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रमुख टॉमस ओल्डहॅम याने ती कोलकात्याच्या संग्रहात नीट आणवली. ह्यू फाल्कनरने त्यांचा अभ्यास केला. शिवालिक टेकड्यांतले हत्ती, जिराफ आणि अजस्र कासवे जगापुढे आणणारा हा डॉक्टर 1865 मध्ये वारला. त्याची टिपणे चार्ल्स मर्चिसनने 1868 मध्ये दोन खंडांत छापली, आणि त्यांत जबलपूरच्या मणक्यांचे वर्णन आहे. हे मणके सरपटणाऱ्या प्राण्याचे आहेत असे फाल्कनरने ओळखले होते. त्याने नाव दिले नाही. मला हा संयम मोलाचा वाटतो. शेपटीच्या दोन मणक्यांवर नाव देण्याचा मोह त्या काळात पुष्कळांना आवरला नसता.

तो मोह रिचर्ड लिडेकरला झाला. 1874 मध्ये सर्वेक्षणात रुजू झालेल्या लिडेकरने 1877 मध्ये, वयाची तिशीही न गाठता, सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये हे मणके आणि त्याच भागात सर्वेक्षणातल्याच मेडलिकॉटने नंतर मिळवलेले मांडीचे हाड एकत्र धरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव छापले. भारतातल्या डायनासोरला मिळालेले हे पहिले शास्त्रीय नाव.

मणका कसा आहे ते थोडे जवळून पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या आकारावर उभा आहे. शेपटीच्या मणक्याचा मुख्य भाग म्हणजे एक जाड, आखूड ओंडका. जबलपूरच्या मणक्यात या ओंडक्याचे पुढचे तोंड आत गेलेले, खोलगट आहे आणि मागचे तोंड बाहेर आलेले, गोलसर फुगीर आहे. एका मणक्याची फुगीर बाजू त्याच्या मागच्या मणक्याच्या खोलगट बाजूत बसते. खांद्याला असतो तसा उखळीचा सांधा इथे शेपटीभर, मणक्यामागून मणका, तयार झालेला असतो. ओंडका दोन्ही अंगांनी दाबल्यासारखा आहे. वर मज्जारज्जू ज्या कमानीखालून जातो ती कमान ओंडक्याच्या मध्यावर नसून पुढच्या अर्ध्यावर बसवलेली आहे. त्या वेळी ठाऊक असलेल्या बहुतेक लांबमान्या डायनासोरांच्या शेपटीत मणक्यांची दोन्ही तोंडे सपाट किंवा किंचित खोलगट असत. त्यामुळे लिडेकरला हे काहीतरी निराळे आहे असे वाटणे अगदी साहजिक होते, आणि त्याचे निरीक्षण बरोबर होते.

त्याच 1877 साली अमेरिकेत ओथनील मार्शने कोलोरॅडोतल्या एका डायनासोरला नेमके टायटॅनोसॉरस हेच नाव दिले. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. निवाडा तारखांनी केला. लिडेकरचे टिपण आधी छापले गेले होते, म्हणून नाव जबलपूरच्या हाडांकडे राहिले आणि मार्शने वर्ष संपण्याआधीच आपल्या जनावराचे नाव बदलून अ‍ॅटलांटोसॉरस केले. कोलकात्यात छापल्या गेलेल्या सरकारी नियतकालिकावरची तारीख हा इथे निर्णायक पुरावा ठरला.

लिडेकर सर्वेक्षण सोडून इंग्लंडला परतला, पण त्या मणक्याने त्याची पाठ सोडली नाही. 1893 मध्ये तो अर्जेंटिनातल्या ला प्लाता इथल्या संग्रहालयात गेला. पॅटागोनियातून आलेली डायनासोरची हाडे पाहताना त्याला शेपटीचे तसेच मणके दिसले, पुढून खोलगट, मागून फुगीर. त्याने ती हाडे टायटॅनोसॉरस याच प्रजातीगटात घातली. खंड सरकतात ही कल्पना वेगेनरने मांडायला अजून जवळजवळ वीस वर्षे होती. पॅटागोनिया आणि जबलपूर यांच्यात अख्खा अटलांटिक आणि आफ्रिका खंड. तरीही लिडेकरने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून दोन्हीकडची हाडे एका नावाखाली आणली. नाव पुढे टिकले नाही, पॅटागोनियाचा तो प्राणी आज न्यूकेनसॉरस म्हणून ओळखला जातो. पण दोन्हीकडचे प्राणी एकाच कुळातले हे त्याने ताडलेले नाते टिकले.

मग या नावाचे फार झाले. अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, भारत, लाओस, जिथे जिथे असे मणके सापडले तिथे तिथे टायटॅनोसॉरस हे नाव वापरले गेले, आणि त्यात एकूण 14 जाती गोळा झाल्या. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी या सगळ्यांची झडती घेतली. लिडेकरने जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले होते ते एका जातीचे नव्हतेच. या कुळातल्या कितीतरी प्राण्यांच्या शेपट्या तशाच होत्या. मूळ मणक्यात असे काहीही उरत नव्हते की ज्यावरून ही जात इतरांपासून वेगळी काढता यावी. म्हणून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव संशयास्पद ठरवण्यात आले. कुळाचे नाव मात्र आजही टायटॅनोसॉर असेच आहे.

या झडतीच्या वेळी मूळ मणके कोणाला सापडत नव्हते. लिडेकरचे वर्णन होते. 1879 च्या 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका'च्या भागात हिंदुस्थानी सरीसृपांच्या हाडांची चित्रे होती. पण प्रत्यक्ष हाडे गहाळ होती. मॅथ्यू कॅरानो, विल्सन आणि पॉल बॅरेट यांनी मध्य भारतातल्या डायनासोर-संशोधनाचा 1828 ते 1947 असा इतिहास 2010 मध्ये लिहिला. त्याच सुमारास कॅरानो यांना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एका मणक्याची जुनी प्लॅस्टरची प्रतिकृती मिळाली. एकोणिसाव्या शतकात अभ्यासासाठी अशा प्रतिकृती काढून एकमेकांना पाठवण्याची रीत होती. प्रतिकृती मिळाल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. मणक्याचा आकार तिन्ही बाजूंनी पुन्हा मोजता आला, आणि शोधायचे ते नेमके कसे दिसते हे ठरले.

एप्रिल 2012 मध्ये कोलकात्यात, सर्वेक्षणाच्याच संग्रहात, त्यातला एक मूळ मणका सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि मिशिगन विद्यापीठ मिळून जुन्या डायनासोर-हाडांची नोंद आणि त्रिमितीय छायाचित्रण करत होते. धनंजय मोहबे, शुभाशिष सेन आणि जेफ्री विल्सन यांनी 2013 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हा वृत्तांत छापला. मणक्याचा नोंदक्रमांक 2191. शेपटीच्या टोकाकडचा तो मणका आहे.

अशा वेळी इतिहास लिहिणाऱ्याने विचारायचा प्रश्न एकच: हा तोच मणका कशावरून? हजारो हाडांच्या संग्रहात शेपटीचा आणखी एक मणका सापडला, यात विशेष काय? इथे पुराव्याचे तीन धागे वेगवेगळ्या मार्गांनी येऊन मिळतात. क्रमांक जुन्या नोंदीशी जुळतो, आकार छापील वर्णनाशी आणि चित्राशी जुळतो, आणि लंडनची प्रतिकृती या दोन्हींना ताडून पाहायला उपयोगी पडते. हे तिन्ही एकमेकांच्या नकला नाहीत. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या हेतूंनी केलेले आहेत. त्यांच्यातली सहमती म्हणूनच वजनदार आहे. स्लीमनच्या हातात आलेली वस्तू आज कपाटात दाखवता येते, ती या तीन धाग्यांच्या जोरावर.

बडा शिमल्याची कथा मात्र एका मणक्यावर संपत नाही. 1917 ते 1919 या काळात चार्ल्स आल्फ्रेड मॅटली या इंग्रज भूवैज्ञानिकाने या टेकडीवर चिकाटीने उत्खनन केले. त्याने थर नीट लावले. या थरांना लामेटा म्हणतात, नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून. तळाला हिरवट वालुकाश्म, त्यावर मुख्य चुनखडक, त्यावर रंगीत ठिपक्यांचा आणि गाठींचा थर, पुन्हा चुनखडक आणि वालुकाश्म, आणि या सगळ्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड. महाराष्ट्रात सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत ज्या काळ्या दगडावर आपण राहतो, त्याच्या खाली दबलेली जमीन म्हणजे लामेटा. वय साधारण 7 ते 6.6 कोटी वर्षे. डायनासोरांच्या शेवटच्या काळातले हे जग आहे.

मॅटलीला एका जागी मांसाहारी डायनासोरांची हाडे भरपूर मिळाली. त्या जागेला त्याने दिलेले 'कार्नोसॉर बेड' हे नाव अजून वापरात आहे. अडचण अशी की हाडे विखुरलेली आणि एकमेकांत मिसळलेली होती. मोठ्या आणि लहान, निदान दोन आकारांच्या शिकारी प्राण्यांची, आणि त्यांत लांबमान्यांची हाडेही. कुठले हाड कुठल्या जनावराचे हे ठरवायला सांगाड्याची जुळणी उरलेली नव्हती.

त्यातून काय होऊ शकते याचे उदाहरण लामेटासॉरस. एकाच परिसरात मिळालेली कंबरेची हाडे, पायाचे हाड आणि कातडीतल्या हाडांच्या चकत्या एकत्र धरून मॅटलीने 1923 मध्ये जाहीर केले की जबलपूरला चिलखती डायनासोर होता. अंगावर हाडांच्या चकत्या असणारे शाकाहारी डायनासोर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात ठाऊक होते, त्यामुळे निष्कर्ष चमत्कारिक नव्हता. 1935 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या डी. के. चक्रवर्ती यांनी अमेरिकेतल्या एका नामवंत नियतकालिकात थेट प्रश्न केला: लामेटासॉरस खरेच चिलखती डायनासोर आहे का? कंबर आणि पाय मांसाहारी डायनासोरचे आहेत असे त्यांनी दाखवले. आज असे मानतात की कंबर शिकारी प्राण्याची आणि चकत्या टायटॅनोसॉरच्या. या लांबमान्यांच्या कातडीतही अशी हाडे असत, हे मॅटलीच्या वेळी फारसे ठाऊक नव्हते. दोन प्राणी जोडून तिसरा तयार झाला होता. चक्रवर्तींचे नाव डायनासोरांच्या लोकप्रिय पुस्तकांत क्वचित येते. ते यायला हवे. बड्या संशोधकाने छापलेला निष्कर्ष हाडांकडे पुन्हा पाहून तपासणे, तेही पारतंत्र्याच्या काळात, हे साधे काम नव्हते.

1922 मध्ये टायरॅनोसॉरसचा शोधक बार्नम ब्राऊन भारतात आला होता. बडा शिमल्यावरून त्यानेही हाडे नेली, आणि ती न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत. मॅटली 1932-33 मध्ये पुन्हा आला, या वेळी ब्रिटिश म्युझियमसाठी. म्हणजे एकाच टेकडीची हाडे कोलकाता, लंडन आणि न्यूयॉर्क अशी तीन गावी विभागली गेली. या टेकडीवरच्या हाडांचा ग्रंथ 1933 मध्ये निघाला, ट्यूबिंगेनचा फ्रीडरिख फॉन ह्यूने आणि मॅटली या दोघांच्या नावाने. त्यात मांसाहारी डायनासोरांची नावेच नावे आहेत: इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस, जबलपुरिया, कोएल्युरॉइडिस, ड्रिप्टोसॉरॉइडिस, ऑर्निथोमिमॉइडिस, कॉम्प्सोसुकस. यांतली बरीच नावे एकेका मणक्यावर किंवा थोड्या मणक्यांवर उभी आहेत. फर्नांडो नोवास आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या हाडांचा फेरआढावा घेतला, तेव्हा बहुतेक हाडे एकाच कुळाची, आबेलिसॉरांची, निघाली. दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत यांच्यावर राज्य करणारे हे शिकारी कुळ ह्यूनेच्या वेळी कोणाला माहीतच नव्हते. ते 1985 मध्ये अर्जेंटिनातून पुढे आले. ह्यूनेने उत्तर गोलार्धातल्या ओळखीच्या प्राण्यांच्या चौकटीत ही हाडे बसवायचा प्रयत्न केला, आणि त्याच्यापुढे दुसरी चौकटच नव्हती. म्हणून त्याला दोष देताना मी हात आखडता घेतो. पण सुट्या मणक्यांना इतकी नावे देण्याचे समर्थन मला करता येत नाही.

याउलट गुजरातेतल्या राहिओलीचे उदाहरण आहे. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात बालासिनोरजवळच्या या गावी 1980 च्या दशकात सर्वेक्षणाच्या लोकांनी खोदकाम केले. सुरेश श्रीवास्तव यांनी हाडे उचलण्याआधी त्यांचा नकाशा काढला. कुठले हाड कुठे, कुठल्या दिशेने, कशाशेजारी पडले आहे, हे कागदावर उतरले. हाडे पेट्यांत बंद झाली. 2001 मध्ये पॉल सेरेनो, विल्सन आणि भारतीय सहकारी त्या पेट्या उघडून बसले, तेव्हा नकाशा हाताशी होता. त्यावरून दिसले की कंबरेची डावी बाजू, उजवी बाजू आणि मधले जोडहाड एकमेकांशेजारी, प्राण्याच्या शरीरात असतील तशी पडली होती. म्हणजे ती एकाच जनावराची. त्यांच्या आधाराने बाकीची हाडे जुळली, कवटीचा मागचा भाग आणि त्यावरचे बुटके शिंग जोडले गेले, आणि 2003 मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस जाहीर झाला. दगडांचा प्रकार तोच, काळ तोच, प्राण्यांचे कुळही तेच. फरक होता एका नकाशाचा. भारतीय डायनासोरांच्या इतिहासात श्रीवास्तवांचा तो कागद मला कुठल्याही कवटीइतका मोलाचा वाटतो.

मोहबे यांचे एक उदाहरणही इथे सांगण्यासारखे आहे. गुजरातेतल्याच धोली डुंगरी इथे 1984 मध्ये त्यांना टायटॅनोसॉरच्या अंड्यांजवळ काही नाजूक हाडे असलेला दगड मिळाला. ती पिल्लाची हाडे असावीत असे तेव्हा वाटले. दगड फोडून हाडे सुटी न करता तो तसाच जपला गेला. 2001 मध्ये विल्सन यांनी त्यात सापाचे मणके ओळखले. साफसफाई झाल्यावर दिसले की सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून आहे आणि शेजारी नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची हाडे आहेत. 2010 मध्ये तो 'सनाजे इंडिकस' म्हणून छापला गेला. हाडे वेगळी काढून ठेवली असती तर साप एका खणात आणि पिल्लू दुसऱ्या खणात गेले असते.

आता विदर्भात येऊ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिजदुरा नावाचे गाव आहे. जुन्या इंग्रजी लेखनात ते पिसदुरा आणि आणखी निरनिराळ्या तऱ्हांनी येते. या गावाला जगाच्या नकाशावर आणण्याचे पहिले श्रेय स्टीफन हिस्लॉपचे. 1845 पासून नागपुरात राहिलेला हा स्कॉटिश मिशनरी शाळा चालवी, गोंडांच्या भाषा आणि गाणी टिपून घेई आणि फावल्या वेळात दगड पाही. नागपूरजवळच्या टाकळीच्या दगडांतले शंखशिंपले त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने अभ्यासले. लाव्हाच्या थरांच्या मध्ये गोड्या पाण्याचे तलाव होते आणि त्यांत जीव राहत होते, हे या शिंपल्यांनी दाखवले. पिजदुऱ्याची मोठी हाडे आणि अश्मीभूत विष्ठा त्यानेच लंडनच्या भूवैज्ञानिक मंडळाच्या नजरेला आणली. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाट भागातली प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचे आहे, पण तिथे शिकलेल्या कितीजणांना डायनासोरशी असलेला हा दुवा ठाऊक असेल, अशी शंका येते.

लिडेकरने 1879 मध्ये पिजदुऱ्याच्या मणक्यांना 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डाय' हे नाव दिले. जबलपूरचा मणका अंगांनी दाबलेला, हा तसा नाही, एवढ्या फरकावर. 2003 च्या झडतीत हेही नाव पडले. पिजदुऱ्याजवळच्या डोंगरगावने मात्र भारताला टायटॅनोसॉरचा खराखुरा सांगाडा दिला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी 1980 च्या दशकात तो खणला आणि 1997 मध्ये त्याचे वर्णन छापले. आज त्याला संस्थेच्या नावावरून इसीसॉरस म्हणतात. कवटी नाही, पण मान, पाठ, कंबर, शेपूट आणि पुढचे पाय यांची हाडे एका जनावराची आहेत. जबलपूरच्या दोन मणक्यांना जे जमले नाही ते डोंगरगावच्या सांगाड्याने केले.

पिजदुऱ्याची खरी श्रीमंती विष्ठेत आहे. दगड झालेले हे गोळे तिथल्या शेतांत वेचायला मिळतात. लहान बोराएवढ्यापासून मुठीत न मावणाऱ्यापर्यंत त्यांचे आकार. मॅटलीने 1939 मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र टिपण लिहिले आणि आकार-घाटावरून त्यांचे प्रकार पाडले. सगळ्यांत मोठे ते 'अ' प्रकारचे. बडा शिमल्यावर ज्याची जुळणी चुकली त्याच माणसाने इथे अत्यंत उपयोगी काम केले. त्याचे प्रकार आजही वापरतात, म्हणून कुठल्या अभ्यासकाने नेमका कसला गोळा तपासला हे इतक्या वर्षांनीही कळते.

2003 मध्ये मोहबे आणि बंदना सामंत यांनी या गोळ्यांतल्या वनस्पतींच्या अवशेषांवर लिहिले. 2004 मध्ये आर. के. कर आणि सहकाऱ्यांनी त्यांत पानांवर वाढणाऱ्या बुरशांचे अवशेष दाखवले. खाणारा झाडांची पाने ओरबाडत होता. 2005 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, त्यांच्याबरोबर कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी 'सायन्स'मध्ये जे छापले त्याने सगळ्यांना चकित केले. 'अ' प्रकारच्या गोळ्यांत गवत होते.

गवताच्या पात्यात पेशींमध्ये सिलिकेचे सूक्ष्म कण तयार होतात. पाते कुजते, कण राहतात. निरनिराळ्या गवतांचे कण निरनिराळ्या आकारांचे असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतात. पिजदुऱ्याच्या गोळ्यांतून आम्लात विरघळवून काढलेल्या कणांत निदान पाच प्रकारची गवते निघाली. त्यांच्याबरोबर ताड, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही कण होते, म्हणजे खाणारा मिळेल ते खात होता. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत डायनासोरांच्या चित्रात गवत काढणे ही चूक समजली जाई, कारण गवताचे खात्रीचे अवशेष डायनासोर संपल्यानंतरचे होते. 2011 मध्ये याच मंडळींनी पुढे दाखवले की यांतले काही कण भाताच्या कुळातले आहेत. पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधांना हे वाचून अभिमान वाटावा असे आहे.

या निष्कर्षाच्या पायाशी मात्र एक अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच लक्षात ठेवायला हवे. गोळे टायटॅनोसॉरचे, असे आपण म्हणतो ते आकारावरून आणि त्याच थरांत एवढी मोठी शाकाहारी हाडे फक्त त्यांचीच मिळतात यावरून. प्राण्याच्या पोटात गोळा सापडलेला नाही. लहान प्रकारचे गोळे दुसऱ्या प्राण्यांचे असणे अगदी शक्य आहे. म्हणून 'टायटॅनोसॉर गवत खात होते' हे विधान बळकट असले तरी एका पायरीने दूरचे आहे. 'दख्खनचा लाव्हा पसरत असताना वरोऱ्याच्या परिसरात गवत होते आणि कोणीतरी ते खात होते' हे विधान थेट दगडातून निघते. साहनी-प्रसाद यांच्या लेखातही या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. मोठा गोळा कोणाचा, यावर त्यांनी 'बहुधा' हा शब्द सोडलेला नाही.